दोन वेळच्या धारा

"ही कास म्हणायची का लिंबू?"

मामा घोडीच्या मागच्या पायांजवळ उकिडवे बसले होते आणि मान वाकडी करून तिच्या पोटाखाली बघत होते. मामा म्हणजे माझे सासरे, शिवगोंडा पाटील. बाळंतपणाचा सव्वा महिना माहेरी काढून मी नुकतीच सासरी आले होते आणि खांद्यावर मुलीला थोपटत गोठ्याच्या दारात उभी होते. घोडी व्यायली त्याला आठवडाही झाला नव्हता. तिचं शिंगरू तिच्या अंगाला चिकटून उभं होतं. पाय नको तेवढे लांब, गुडघे मोठाले आणि शेपूट म्हणजे नुसता झुबका.

"आगं, बघाय ये की हिकडं," मामांनी आत्तींना हाक मारली. "म्हशीचं एक सड ह्या अख्ख्या कासंपेक्षा मोठं आसतंय. ह्यात दूध ते किती ऱ्हाणार?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शेण भरत होत्या. टोपली खाली न ठेवताच म्हणाल्या, "देवानं दिलंय तेवढं आसंल."

"देवानं चुकून कमी दिलं आसलं तर आपुन बघाय नको?"

मामांनी एकदा 'आपुन बघाय नको?' म्हटलं, की पुढे कुणाचं काही खरं नसतं, एवढं मला लग्नानंतरच्या दोन वर्षांत कळलं होतं.

कृष्णाकाठच्या आमच्या चार गावांत मामांच्या म्हशीच्या ज्ञानाचा डंका होता. कुणाला म्हैस घ्यायची झाली की तो आधी आमच्या सोप्यात येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि मामांना गाडीवर घालून बाजाराला न्यायचा. मामा म्हशीच्या मागे उभे राहून तिची ठेवण बघायचे, शिंगावरून हात फिरवायचे आणि ती किती दूध देईल ते सांगायचे. ते बहुतेक वेळा खरं ठरायचं, हे मला मान्य करायलाच हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात घुंगुरमाळा घालून गावातून मिरवायच्या आणि त्यांच्या पुढे मामा फेटा बांधून चालायचे. कुठल्या म्हशीला टाळ्या जास्त पडल्या, हे आम्हाला पुढे महिनाभर ऐकायला लागायचं.

त्यांना म्हशीतलं कळत होतं, त्याचा त्रास नव्हता. जगातली बाकी प्रत्येक गोष्ट ते म्हशीच्याच मापाने मोजायचे, त्याचा त्रास होता. ट्रॅक्टर घ्यायला गेले, तेव्हा म्हणे त्यांनी आधी मागे जाऊन त्याची ठेवण बघितली. मला बघायला आले तेव्हा काय बघितलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

घोडी आणली होती माझ्या नवऱ्याने. सुकुमारला घोडागाडीच्या शर्यतीचं खूळ. अकलूजच्या बाजारातून तो गाभण घोडी घेऊन आला आणि तिचं नाव ठेवलं मैना. रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने माझ्यापेक्षा शांत. मामांचा तिला पहिल्या दिवसापासून विरोध होता. "धार काढता येत न्हाई ते जनावर दावणीला कशाला?" असा त्यांचा साधा सवाल होता. ती व्यायली तेव्हा सुकुमारने रजा काढली, तेवढे दिवस शिंगरू आईजवळ मोकळं राहिलं. मग रजा संपली. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. सुकुमार सकाळी डबा घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर परत यायचा, आणि घोडी मामांच्या तावडीत सापडली.

त्याच दिवशी मामांनी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला एक खुंटी ठोकली आणि शिंगराला नेऊन तिथं बांधलं.

"मामा, ते आईपासनं लांब कशाला?" मी विचारलं.

"दिवसभर लोंबकळतंय बघितलंस न्हवं? सड तोंडात घेतंय, सोडतंय. घेतंय, सोडतंय. आसं केल्यावर कासंत दूध साठंल का? रेडकू कसं, सकाळी सोडायचं, सांजंला सोडायचं. शिस्त पायजे. साठू दिलं तर साठंल."

"पण ती घोडी आहे, मामा."

"चार पाय हाईत न्हवं तिला?"

मी घरात आले, तर आत मुलगी रडत होती. पदराखाली घेतलं. जरा प्याली, झोपली. थोड्या वेळाने परत रडली, परत घेतलं. चुलीपुढे बसलेल्या आत्ती भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सारखं सारखं काय घेऊन बसतीस? जरा साठू दे की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या मात्र सहज बोलून गेल्या होत्या. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावत पुढे म्हणाल्या, "आमच्या घरात बायकांस्नी दूध बेताचंच आसतंय बाई. माझं तर सुकुमारच्या येळंला महिन्याभरात आटलं. म्हशीच्या दुधावरच वाढलाय त्यो. काय वाईट झालं? कारखान्यात नोकरीला हाय."

आत्ती वाईट नव्हत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याशी आवाज चढवला नाही. पण त्यांच्या त्या चांगुलपणाने मी हैराण झाले होते. दिवसभर माझ्यापुढे काही ना काही येत होतं. सकाळी हळिवाची खीर. मग डिंकाचा लाडू. जेवणात शेपू, शेपू नसली तर मेथी, आणि दुपारी परत मेथीचाच लाडू. खाल्लं नाही तर चेहरा पडायचा, खाल्लं तर लगेच प्रश्न यायचा, "आता वाढल्यासारखं वाटतंय का?" जसं काही माझ्या अंगाला पाण्याच्या टाकीसारखी काचेची नळी लावलेली होती. शेजारच्या काकू आल्या की त्यांच्यासमोर माझ्या दुधाची चर्चा. विहिरीला पाणी किती लागलं, याची करतात तशी. मुलगी रडली की चार तोंडांतून एकच निदान निघायचं, "भूक लागलीया. दूध पुरत न्हाई." तिला गरम होत असेल, ओलं झालं असेल, कंटाळा आला असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

घोडीला शिस्त लावल्यानंतर मामा स्वयंपाकघरात आले आणि आत्तींना म्हणाले, "मेथी किती राहिलीया?"

"कशाला?"

"घोडीला घालाय. बाळंतीण ती बाळंतीण."

त्या दिवसापासून आमच्या घरात मेथी दोन पातेल्यांत शिजायला लागली. एक पातेलं माझं, एक मैनाचं. तिच्या मेथीत मीठ नसायचं, एवढाच फरक. गूळ दोघींना. तिला वरून भिजवलेली सरकीची पेंड आणि शिजवलेला हुलगा. मला पेंड घातली नाही, हे उपकारच म्हणायचे. मैनाने पेंडीला तोंड लावलं नाही. नाकाने पाटी ढकलून दिली आणि कडबा चघळत राहिली. मामा तिच्यावर चिडले. "मिजास बघा हिची! म्हस पाटी चाटून फुसून खाती!" मला तेव्हा त्या घोडीचा फार हेवा वाटला. मला माझी पाटी ढकलता येत नव्हती.

सकाळ-संध्याकाळ मामा शिंगराला सोडायचे. ते धडपडत, पाय एकमेकांत अडकवत आईकडे पळायचं आणि कासेला तोंड लावायचं. चार घोट घ्यायचं, गटागटा, आणि कास मोकळी व्हायची. मग ते नाकाने ढुशा मारत राहायचं.

"बघा, संपलं!" मामा जिंकल्यासारखे म्हणायचे. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार? मी पैल्या दिवशीच म्हटलं हुतं."

मग ते शिंगराला बाटलीतून म्हशीचं दूध पाजायचे. घट्ट, सायीचं, आमच्या चांगल्या म्हशीचं. एवढं चांगलं दूध दिल्यावर शिंगराने बाळसं धरायला हवं होतं. त्याला झाली हगवण. मागचा झुबका घाण व्हायला लागला, बरगड्या दिसायला लागल्या. बांधलेल्या जागी ते आधी उभं राहून ओरडायचं. मग बसून ओरडायला लागलं. मग नुसतंच बसून राहायला लागलं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

सुकुमार घरी आला की मी त्याच्या मागे लागायचे. "तुम्ही सांगा ना मामांना. ते शिंगरू जाईल अशानं."

"दादांनी आयुष्यभर जनावरं सांभाळल्यात." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"म्हशी सांभाळल्यात!"

"आता त्यांच्यापुढं मी काय बोलू? आधीच घोडी आणली म्हणून ठणठण चाललीय."

"घोडी तुमची आहे."

"गोठा दादांचा हाय," तो म्हणाला आणि भाताकडे बघत जेवत राहिला. सकाळी तो उठून निघून गेला. त्याला कारखाना होता. मला गोठा दिसायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, सरळ समोर.

त्याच खिडकीतून मला ते दिसलं. सकाळची पाजण होऊन बराच वेळ झाला होता. मी मुलीला घेऊन बसले होते. शिंगराने खुंटीजवळून एक बारीक आवाज काढला. मैनाने मान वर केली, दाव्याला हिसका दिला, आणि तिच्या कासेतून दूध ठिबकायला लागलं. तिच्या मांडीच्या आतून ओघळ निघाला आणि खालच्या दगडावर पांढरा डाग पडला. थोड्या वेळाने ते थांबलं. शिंगराने परत आवाज काढला, आणि परत ठिबकलं.

मी उठून सोप्यात गेले. मामा सुपारी कातरत बसले होते.

"मामा, तिचं दूध खाली गळतंय. दूध नाही म्हणता, मग ते काय आहे?"

"गळतंय म्हणजे धरवत न्हाई. सड सैल हाईत."

"साठायला जागाच नसेल तर? थोडं थोडं तयार होत असेल, थोडं थोडं प्यायचं असेल. एकदा सोडून तर बघू या."

मामांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "तुझ्या माहेरी शेळी तरी हुती का?"

माझ्या माहेरी किराणा मालाचं दुकान होतं. ते म्हणाले, "तू काय काळजी करू नगंस. मी बघितलंय त्याचं. मिरजेचा एकजण टेंपो घेऊन येणार हाय दुपारचं. घोडी त्याला देऊन टाकायची. बिनदुधाची आई काय कामाची? शिंगरू ठेवू आपुन, म्हशीच्या दुधावर काढू मोठं."

"मामा, त्याला म्हशीच्या दुधानंच हगवण लागलीय."

"सवय नसती सुरवातीला. लागंल."

"आणि ह्यांना विचारलंत?"

"त्याला काय इचारायचं?"

हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्याच्यावर भाकरी भाजली असती. घोडी गेली की ते शिंगरू दोन दिवस काढणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ते मेल्यावर मामा काय म्हणणार, तेही मला आत्ताच ऐकू येत होतं. आईला दूध नव्हतं, त्याला कोण काय करणार?

टेंपो दुपारी आलाच. ड्रायव्हरने दारात हॉर्न वाजवला. त्या आवाजाने नुकती झोपलेली मुलगी दचकून उठली आणि टाहो फोडून रडायला लागली. मी तिला उचलून गोठ्याकडे निघाले, कारण मामा घोडीचं दावं सोडायला तिकडे निघाले होते. मागून आत्ती आल्या. त्यांच्या हातात बाटली होती, धुऊन, उकळून, पाणी घालून पातळ केलेलं म्हशीचं दूध भरलेली. नवं कोरं रबरी बूच. ती बाटली माझ्या नकळत मागवलेली होती.

"घे," त्या म्हणाल्या. "किती रडवतीस पोरीला? जरा वरचं दूध दिलं तर काय हुतंय? तुझंबी तवर साठंल."

गोठ्यात मामा वाकून मैनाची गाठ सोडत होते. दुसऱ्या टोकाला शिंगरू मान जमिनीला टेकवून पडलं होतं. मुलगी माझ्या कानात ओरडत होती. बाटली माझ्या नाकासमोर होती. आणि मामा, वर न बघता, आत्तींना म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, पोरीच्या आईकडंबी दुधाचं जरा कमीच हाय. ठेवणीवरनंच कळतंय."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

"ती म्हैस नाही, मामा!" मी ओरडले. सासरी मी पहिल्यांदाच ओरडत होते, आणि आवाज असा निघाला की म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. "ती म्हैस नाही. आणि मीपण नाही!"

मामांचा हात गाठीवरच राहिला.

मी मुलीला आत्तींच्या हातात दिलं. बाटलीसकट त्यांची तारांबळ उडाली. मी सरळ खुंटीकडे गेले आणि शिंगराच्या गळ्यातली गाठ सोडायला लागले. ती सुटेना. मामांची गाठ म्हणजे पक्की. मग दावं त्याच्या डोक्यावरूनच काढलं. ते उठेना. मी त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि उचलून उभं केलं. बाळंतिणीने ओझं उचलू नये म्हणतात, ते मला माहीत होतं. थरथरत्या पायांवर ते चाललं, मी मागून ढकलत होते. मैना ताणलेल्या दाव्यानिशी जेवढं पुढे येता येईल तेवढं आली आणि तिने खोल, घशातल्या घशात असा आवाज केला, जो मी तोवर ऐकला नव्हता.

शिंगराने तोंड लावलं. चार घोट. झालं.

"संपलं," मामा म्हणाले. पण नेहमीच्या जोरात नाही.

"बसा," मी म्हणाले. "बसा तुम्ही आणि बघा."

मी मुलीला परत घेतलं आणि तिथंच, गव्हाणीला पाठ लावून खाली बसले. सासऱ्यासमोर पदराखाली घेतलं. लाजायला माझ्यात काही शिल्लकच नव्हतं. मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, पण गेले नाहीत. मी कशी चुकते ते बघायला त्यांना थांबायलाच हवं होतं. ते वैरणीच्या पेंढीवर बसले आणि घोडीकडे बघत राहिले. आत्ती दारात, बाटली हातात धरून.

शिंगरू आईच्या मानेखाली उभं राहिलं. मैनाने त्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. मग ते फिरलं आणि परत कासेला गेलं.

"परत?" मामा म्हणाले.

प्यालं. थांबलं. डुलकी आल्यासारखं उभं राहिलं. बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न दिला. मामा तिकडे न बघता ओरडले, "थांब म्हणतोय न्हवं!" तोवर शिंगरू पुन्हा पीत होतं.

"आरं, आत्ताच तर प्यालास!"

मला आता हसायला यायला लागलं होतं, आणि रडायलाही. शिंगरू प्यालं, बसलं, उठलं, परत प्यालं. दर वेळी चारच घोट, पण दर वेळी काहीतरी होतंच. त्या लिंबाएवढ्या कासेतून. मामांच्या कपाळाची आठी हळूहळू बदलत गेली. म्हैस पारखताना ते असे बघायचे, तोंड बंद करून, डोळे बारीक करून. इतके दिवस त्यांनी घोडीला बघितलंच नव्हतं.

"ही साठवतच न्हाई," शेवटी ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पोरगं मागंल तसं देती. बांधलं की आटणारच की मग." मग त्यांनी मान वळवली आणि आत्तींना विचारलं, अगदी साध्या कुतूहलाने, बाजारात एखादी नवी जात दिसल्यावर विचारावं तसं, "आगं, सुकुमारच्या येळंला तूबी आसंच सारखं सारखं पाजत हुतीस?"

आत्ती माझ्या पदराकडे बघत होत्या.

"मी कवा पाजणार?" त्या म्हणाल्या. "पाट्टंला उठून धारा. मग शेण. मग रानात वैरणीला. आलं की परत धारा. पोरगं सोप्यात पाळण्यात रडायचं, मला हितं ऐकाय याचं. अंग भिजायचं माझं. लुगडं भिजायचं. तुमची आई म्हणायची, रडू दे, साठंल. मी सकाळचं घ्यायची आन् सांजंला घ्यायची. रेडकासारखं. दोनदा."

शिंगरू परत कासेला लागलं.

"मग तुमची आई म्हणाय लागली, हिला दूध न्हाई. तुमीबी म्हणालासा. सगळी म्हणाय लागली. मग मीबी म्हणाय लागले." त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "इतकी वर्सं मीच म्हणत आलीया, मला दूध न्हवतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना. आल्यापासून रोज दिवसभर ज्या बाईचा मला वैताग येत होता, तिने आपल्याला जे सांगितलं गेलं तेच मला सांगितलं होतं, अगदी मायेने, खिरीबरोबर.

मामा उठले. बाहेर गेले आणि टेंपोवाल्याशी त्यांचं काहीतरी झालं. तो चिडून मोठ्याने बोलत होता, यांचा आवाज ऐकू येत नव्हता. मग टेंपो रिकामाच निघून गेला.

शिंगरू जगलं. हगवण थांबायला थोडे दिवस लागले, पण जगलं, आणि पुढे सुकुमारच्या गाडीला जुंपलं तेव्हा चांगलं पळालंसुद्धा. मैनाने त्यानंतर आणखी दोनदा शिंगरं दिली. दोन्ही वेळी मामा गोठ्यात ठाण मांडून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "घोडीचं शिंगरू कवा बांधू नये. घोडीचं म्हशीगत नसतंय. लोकांस्नी हे कळत न्हाई." लोक माना डोलवायचे. मी खिडकीतून ऐकायचे आणि भांडी जरा जोरात आपटायचे. पहिल्या शिंगराबद्दल कुणी विचारलं, तर ते मेथीने वाचलं, असं ते शेवटपर्यंत सांगत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय.

टेंपो गेल्यावर आत्ती आत गेल्या नाहीत. माझ्याशेजारी, गव्हाणीला टेकून, पाय पसरून बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या नेहमी कुठल्यातरी कामाच्या मध्ये टेकलेल्या असायच्या, लगेच उठायच्या बेताने. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. ऊन खाली आलं. म्हशी चुळबुळ करायला लागल्या, रेडकं दाव्याला ओढ घ्यायला लागली. मामा दारात आले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "आगं, धारंची येळ झाली."

"काढा की," आत्ती म्हणाल्या.

"कोण? मी?"

"सगळ्या मुलखाला म्हशीचं तुमीच सांगतासा न्हवं? बसा की."

मामांनी आत्तींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बादली उचलली. पहिल्या म्हशीचं रेडकू सोडलं, दोन ढुशा मारू दिल्या, ओढून बांधलं आणि गुडघ्यांत बादली धरून कासेला बसले. म्हशीने मान वळवून त्यांना हुंगलं आणि कास वर ओढून घेतली. मामा चुचकारत राहिले, पाठीवर थाप मारली, सडांना पाणी लावलं. बादलीच्या तळाशी दोन-चार धारा वाजल्या, मग तेही थांबलं. ते दुसरीकडे गेले. तिने पान्हा तर चोरलाच, वर पाय उडवून बादली लवंडली. तिसरीने त्यांना जवळसुद्धा बसू दिलं नाही. ज्या म्हशींपुढे ते पाडव्याला फेटा बांधून चालायचे, त्यांच्यातल्या एकीलाही त्यांचा हात माहीत नव्हता.

ते रिकामी बादली घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. धोतरावर शेण उडालेलं, कपाळाला घाम.

"थेंब देईनात," ते म्हणाले. "चल की. अंधार पडाय लागलाय. डेरीची गाडी जाईल."

आत्ती उठायला निघाल्या. इतक्या वर्षांची सवय, हात जमिनीला टेकलेसुद्धा. तेवढ्यात माझ्या मांडीवर मुलगी जागी झाली, तोंड इकडेतिकडे फिरवायला लागली आणि कुरकुरली. मीपण सवयीने आत्तींकडे बघितलं. आत्ताच तर घेतलं होतं.

आत्तींनी हात परत मांडीवर घेतले आणि त्या बसून राहिल्या.

"घे तिला," त्या मला म्हणाल्या. "म्हशी थांबत्यात."